गाठ फुटू न देणारा हात

सन्माननीय अध्यक्ष लवजीभाई, प्रमुख पाहुणे प्रांतसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते डॉक्टर अनिरुद्धभाई मांकड, दवाखान्याचे विश्वस्त आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी प्रागजी वेकरिया. बाजारात माझा शेंगतेलाचा घाणा आहे. भाषण हा काही माझा प्रांत नाही, त्यातून आज जीव थाऱ्यावर नाही. का नाही, ते सांगतोच.

आपल्या सौराष्ट्रात घशात गाठ निघाली म्हटलं की पुढचं कुणी विचारतं का? तंबाखूचा मावा खाणारा असो की दातांना तपकीर घासणारी म्हातारी, गाव मनातल्या मनात लाकडं रचून मोकळं होतं. माझी आई उजीबा तपकीरवाली. काही वर्षांपूर्वी तिचा आवाज बदलला, तोंडात गरम भजं धरून बोलावं तसा झाला. एका दवाखान्यात टॉन्सिल पिकलाय म्हणाले, चिरा देऊन पू काढायचंही ठरवलं. बा घाबरून उठून आली. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

मांकडसाहेबांनी घशात बॅटरी मारली, बोटाने चाचपलं आणि सुरीला हातच लावला नाही. राजकोटला एमआरआय करवून घेतला, मग सुईने तपासणी केली. म्हणाले, "प्रागजीभाई, ही लाळेच्या ग्रंथीची गाठ आहे. घशात क्वचित होते, पण कॅन्सर नाही. तपकिरीने झालेली नाही. टॉन्सिलच्या मागे बसून त्याला पुढे ढकलतेय. मानेतून, आवरणासकट, अख्खी काढायची. फुटली तर कण सांडतात आणि पुन्हा उगवतात."

मला धीर आला. बाला कुठला यायला? "साधी गाठ म्हणे! मुलाला खरं सांगायचं नि म्हातारीला गोड. आधी माझं जगतियुं करा. माझ्या बाराव्याला कोण आलं, कोण नाही, ते जिवंतपणी मला बघू दे. मग काय कापायचं ते कापा."

झालं! मांडव पडला, जात जेवली. साहेब आले, पण पानावर बसेनात. "बा, मी गेलेल्यांच्या बाराव्याला जेवतो. सोमवारी जिला टेबलावर घ्यायचंय तिच्या नाही."

बा म्हणाली, "मग मोहनथाळ डब्यात ने. जिवंत बाईला नाही म्हणू नकोस, डॉक्टरभाई." आणि तो त्यांनी नेला.

सोमवारी गाठ निघाली. बाहेर येऊन साहेब म्हणाले, "अख्खी निघाली. पण खालच्या टोकाला आवरण फार पातळ होतं. दरवर्षी मान दाखवत जा." मला सांगा, हे त्यांनी पोटात ठेवलं असतं तर मला कळलं असतं का?

बा जगली. बाराव्याला न आलेल्यांशी ती आजही बोलत नाही. त्यातले दोघे याच सभागृहात आहेत, नावं घेत नाही.

गेल्या महिन्यात तिची मान चाचपताना साहेबांचं बोट थांबलं. पुन्हा एक लहानशी गाठ. सुईच्या तपासणीत तीच जात निघाली, साधीच. पण आता जुन्या व्रणात, नसेला चिकटून बसलीय. नस दुखावली तर गिळणं जाईल. साहेब म्हणाले, "बा, मी नाही करणार. माझा हात आता थरथरतो. बिनल करेल."

डॉक्टर बिनल गोंडलिया त्यांच्याच हाताखाली शिकल्या. पण बाने त्यांच्यासमोर तोंड म्हणून उघडलं नाही. "ज्याने एकदा घर पाहिलंय, त्यानेच आत यावं," एवढंच धरून बसली. मी हात जोडले, बायको रडली. शेवटी काल बिनलबेन म्हणाल्या, "बा, जो माणूस स्वतःच्या हाताबद्दल खोटं बोलला नाही, तो माझ्या हाताबद्दल खोटं बोलेल का?"  तेव्हा कुठे बाने आ केला.

ऑपरेशन गुरुवारी आहे. साहेब, तुमचं सुरतेचं तिकीट बुधवारचं आहे असं ऐकतो. मागच्या वेळी तुम्ही आत होतात, म्हणून मी बाहेर बसू शकलो. या वेळी मला एकट्याला बसणं जमणार नाही. मला भीती वाटते, साहेब. तुम्ही माझ्याशेजारी बसाल? काही करू नका. नुसते बसा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. निरोपाच्या सभेत जाणाऱ्यालाच थांबवून धरणं रीतीला सोडून आहे हे मला कळतं. तेवढी चूक पदरात घ्यावी.