ड्रमातली धामण

—बसा नाना, पण त्या ड्रमाले पाय लावू नका. अमरदादाले बोलवाले आले न? माहं भादरलेलं डोकं पाहूनबी समजलं नाई? दादा गेला. काल दहावा झाला. नाई, चावलं नाई काही—साऱ्यायले हेच वाटते. इतके नाग धरले, एकानं दात लावला नाई. मेला कोणापायी, तर धामणीपायी, जिच्यात विषाचा थेंब नाई. रोहणा गावच्या विहिरीत पडली होती. मी म्हटलं, दादा, धामण पोहते, चढते, येईन वर. तर म्हणे, बांधीव विहीर हाये, थकून मरन बिचारी. बिचारी! दोरावरून उतरताना हात सुटला. खाली मोटारीचा लोखंडी अँगल. दोर तसाच लोंबत राह्यला, अन् त्याच दोरावरून ही बिचारी आरामात वर आली. माह्यासमोर.

तिथंच धरली. जिंदगीत पहिल्यांदा साप धरला मी. मान फुगवली, फुसफुसली, वाळल्या पानात शेपटी अशी थडथडवली का नागच वाटावा. दादा म्हणे, धामणीजवळ विष नाई म्हणून आवाज मोठा. चावलीबी—हे पाहा. रक्त आलं, बस. मले काऊन काही होत नाई? म्हटलं, दहावा झाला का ठेचतो. आईले माईत नाई. उंदीर? हो, टाकतो. पाणीबी बदलतो. ठेचाले जिवंत तर पाह्यजे न. झाकणाले छेदं पाडले, उन्हातून सावलीत सरकवतो—रीतीनंच मारीन म्हणतो.

काल नदीवर पिंडाले कावळा शिवला नाई. दुपार झाली. काका म्हणे, म्हण, आईले सांभाळीन. म्हटलं. दादाची गाडी इकणार नाई म्हण. म्हटलं. रूपावहिनीनं पोरीले शिकवीन म्हटलं. कावळे बाभळीवर बसून पाहून राह्यले. दादाले काय पाह्यजे होतं ते मले एकट्याले माईत होतं. मी तोंड उघडलं नाई. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाले शिववला.

तुमच्या गोठ्यात निंघाली तेबी धामणच? काठी ठेवा बाजूले. दूध पित नाई ती, नाना, उंदरापायी आली. दार उघडं सोडा, जाईन. मी नाई येत, मले साप पकडता येत नाई—

ऐकलं? शेपटी आपटून राह्यली आतून. तुमाले भेवाडते. मले नाई भेवाडत आता.

उठा. ड्रमाची तिकडची बाजू धरा जरा, नदीवर न्याचा हाये, कावळे असतीन अजून, त्यायच्यासमोरच झाकण उघडतो, जाईन ती—नाई, राहू द्या. सोडा. मीच नेतो. जा तुमी.