मेथीच्या जुडीतल्या गोळ्या

(अकोल्यातलं एक व्यसनमुक्ती केंद्र. सकाळ. शेजारशेजारच्या दोन खाटांवर बार्शीटाकळीचे भाजीवाले शेषराव आणि जुन्या शहरातला ऑटोवाला कुलदीप. शेषराव पिशवी भरताहेत.)

कुलदीप : तिसऱ्याच दिवशी चालले काका?

शेषराव : मंग काय करू बे? तू पावडर ओढनारा. मी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या घेनारा. मले तुह्या बाजूची खाट काहून दिली?

कुलदीप : नाक पुसा पहिले. माहं बी असंच गळून राहिलं.

शेषराव : सर्दी हाय ते.

कुलदीप : अन् पायात गोळे? अंगावर काटा? सकाळपासून पाच डाव संडास? भारीच सर्दी हाय बापा!

शेषराव : भाजीचा गठ्ठा उचलताना कंबर धरली म्हून घेतल्या गोळ्या. शौक नोहता.

कुलदीप : चिठ्ठी कितीक दिवसाची होती?

शेषराव : धा दिवसाची.

कुलदीप : अन् खाल्ल्या किती दिवस?

शेषराव : ...चार वर्सं. चिठ्ठीचं झेरॉक्स घेऊन दुकानं फिरलो.

कुलदीप : मले दोस्तानं देल्ली, तुमाले डॉक्टरनं. सिस्टरनं फॉर्म दोघायचा एकसारखाच भरला. फरक एवढाच का तुमाले काकू घेऊन आली. मी ऑटो लावला अन् एकटाच आत आलो. आईनं दार लावून घेतलंय, दोन वर्सं झाली.

शेषराव : तुह्या काकूले, बेबीले, त शकुनबाईनं सांगितलं. नाईतर तिले पत्ता नोहता.

कुलदीप : कोन शकुनबाई?

शेषराव : रोजची गिऱ्हाईक. बेबीले दिसू नये म्हून मी गोळ्या मेथीच्या जुडीत खुपसून ठेवो. एक दिवस गुंगीत तीच जुडी इकून टाकली. शकुनबाईची नात मेथी निवडाले बसली, अन् गोळी तोंडात टाकली पोरीनं.

कुलदीप : अरे देवा! मंग?

शेषराव : कडू लागली, थुकली. वाचली. ती बाई बजारात बोंबलली असती त माहं तोंड काळं झालं असतं. पन तिनं बेबीले बाजूले नेऊन गोळ्या हातात देल्ल्या. म्हने, भाऊले दवाखान्यात ने. देवमानूस हाय रे. तिचे उपकार मी कसे फेडू?

कुलदीप : मंग घरी जाऊन काय करसान काका? पिशवीच्या अस्तरात गोळ्यायचं पाकीट हाय ना अजून?

शेषराव : तुले कसं मालूम?

कुलदीप : काल तुमी चाचपून राहिले होते, तवा पाह्यलं. तुमी आंघोळीले गेले त दोन डाव हात गेला माहा. जीव निघून राहिला होता.

शेषराव : मंग घेतलं काहून नाई?

कुलदीप : परवा मी ओकत होतो तवा माही पाठ कोन चोळत होतं? मले वाटलं, आईच हाय. तुमचं कसं चोरू?

शेषराव : ...सिस्टर! ओ वर्षालीताई!

वर्षाली : काय झालं काका? निघालात का?

शेषराव : नाई. हे पाकीट घ्या. एवढंच होतं, शकुनबाईच्या नातीची शपथ.

वर्षाली : बरं केलंत, काका. खूप बरं केलंत.

शेषराव : अन् बेबीले फोन लावा. म्हना, उद्या डबा दोन मानसायचा आनजो. याच्या घरून कोनी येत नाई.

कुलदीप : काका...

शेषराव : तू नाक पूस पहिले. ताई, मेथीची भाजी आन म्हना. अन् म्हना, जुडी नीट पाहून निवडजो, माही एखादी गोळी राहिली असन त.