सुजलेली रेघ

...आणि वर साहेब मलाच म्हणतात, "काका, जरा शिका त्या नव्या मुलीकडून!" मी शिकू? अहो, तुम्हाला सांगतो, ती शाळेत बाराखडी गिरवत होती तेव्हापासून मी त्या चुंबकाशेजारी बसतोय. बावीस वर्षं! जळत नाही हो मी, नुसतं सांगतोय.

चुंबक म्हणजे माणूसभर उंच पिंप. त्यात काचेची बारीक नळी सोडायची, नळीत औषध, की पडद्यावर त्याच्या रेघा उमटतात. पण नळीच्या वर, खाली, मध्ये चुंबकाचं बळ अगदी सारखं हवं. तसूभर फरक पडला की रेघ सुजलीच! ते सारखं करायला अठ्ठावीस बटणं... एक पिळलं की दुसरं रुसतं, दुसऱ्याची समजूत काढावी तर पहिलं फुगून बसतं... माझं तारुण्य त्या बटणांत गेलं, आणि रेघ? बरी यायची. जरा अंगानं भरलेली, पण बरी.

आणि ही नवी ऑपरेटर! येऊन चार महिने झाले नाहीत, संगणकावर चुंबकाचा नकाशा काय काढते, दोन कळा काय दाबते, आणि सगळी प्रयोगशाळा गोळा, "अय्या, काय रेघ आहे! सुई आहे सुई!" बावीस वर्षांत माझ्या रेघेला कुणी 'अय्या' म्हटलं? मी माझी बटणांची वही खणात कोंडून कुलूपच लावलं. जळत नाही हो मी, वहीवर धूळ बसते म्हणून.

त्यात तो दाढीवाला संशोधक आला, रडवेला. दोन वर्षं खपून औषधाचे तीन थेंब तयार केलेले, त्यातल्या दोन रेघा वेगळ्या दिसल्या तर काम पुढे, नाहीतर शुक्रवारी कायमचं बंद. मी तीन दिवस घासलो. पडद्यावर एकच ढिगारा, म्हैस बसल्यासारखा! साहेब म्हणाले, "आता तिला बघू दे."

बघू दे की! मी आपलं माझं चाकांचं स्टूल, जुनं, लोखंडी, भक्कम, सरकवत तिच्या मागे गेलो. रेघ बारीक होतेय, होतेय, आता फुटून दोन होणार... मी मान पुढे काढली आणि फस्स! म्हैस! खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या झाल्या. दाढीवाल्याचे डोळे भरलेले आणि मला गुदगुल्या! माझी मलाच लाज वाटली, मागे सरकलो. रेघ बारीक! पुन्हा पुढे आलो. म्हैस!

ती वळली. "काका, जरा मागे जाता?" गेलो. "आता पुढे?" आलो. "काका... हे लोखंडी स्टूल कधीपासून वापरता हो?"

काय सांगू? पहिल्या दिवसापासून! बटणं पिळताना मी चुंबकाला चिकटून, मग रेघ बघायला सर्रकन इकडे... लोखंड सरकलं की चुंबकाचं बळही सरकायचं! म्हणजे हातांनी सारखं केलेलं सगळं माझं बूडच बिघडवत होतं!

स्टूल मीच उचलून बाहेर ठेवलं. आणि आल्या... दोन रेघा, दोन सुया! दाढीवाल्यानं मला मिठी मारली, मला! आणि ती म्हणते, "काकांमुळेच कळलं!" वर गोड बोलायचं! जळत नाही हो मी...

आता मी कॉरिडॉरमध्ये बसतो. साहेबांनी प्लॅस्टिकची खुर्ची दिलीय. बावीस वर्षं त्या यंत्रातला बिघाड शोधत होतो, आणि आमची बायको त्या बिघाडाला रोज सकाळी डबा भरून वेळेवर कामाला पाठवत होती!