चंद्राक्काच्या गोठ्यातला गरम वारा

...आन वाळल्या कशा म्हणते मी! आठ दिवस उन्हाचा पत्ता न्हाई, आख्ख्या माण गावात कुणाची चादर वाळंना, आमच्या ह्यांचा बनियन चार दिवस दोरीवर, त्याला बुरशी धरायची येळ आलेली, आन हिच्या साड्या बघा... कडक! पापडावाणी! ही म्हंजे चंद्राक्का, माझी थोरली जाऊ. मधी एक भिंत, भिंतीपल्याड ती, अल्याड मी. भर श्रावणात कडक साडी नेसून माझ्या दारावरनं जाते, पदराचा खळखळ आवाज येतो... मुद्दाम! मला ऐकायला! आता मी काय जळत न्हाई. नुसतं सांगते.

तर मी भिंतीवरनं डोकावले. डोकावायचं न्हवतं, पण पाटावर पाय ठिवला आन मान आपसूक वर गेली, त्याला मी काय करू? गुरं आमी दोघींनी कवाच इकली, भाताच्या खाचरांवर इमारती झाल्या, आता खोल्या भाड्यानं देतो, गोठं रिकामं. तर तिच्या रिकाम्या गोठ्यात तीन मशिनं! गिरणीवाणी घरघर, मागनं भसाभसा गरम वारा, वाऱ्यापुढं दोरी, दोरीवर साड्या, परकर, भावजींचं धोतर, सगळं फडफड फडफड... आन खाली सुपात कुरडया! श्रावणात कुरडया, तुमाला सांगते! श्रावणात कुरडया वाळवायची सोय देवानं तरी कुणाला दिली का?

धावत गेले स्नेहलकडं. स्नेहल म्हंजे आमची भाडेकरू, वरच्या खोलीत राहते, आयटीत हाय, दिवसभर कानात बोळं घालून एकटीच बोलती. तिला म्हणले, त्या बाईच्या गोठ्यात काय हाय गं? ती हळू आवाजात, शाळंतल्या बाईगत, ‘काकू, ते क्रिप्टोचं मायनिंग आहे. मशीन दिवसभर गणितं सोडवतं. ज्याला उत्तर सापडतं त्याला नवीन नाणी मिळतात.’ म्हणले, दाखव नाणं. ‘दिसत नाही काकू, मोबाइलमध्ये असतं.’ चौथीतनं शाळा सोडली मी, ती गणितापायीच! आन हितं मशीन गणितं सोडवतंय, चंद्राक्का कुरडया वाळवतीय, आन वर नाणी! ‘हे बिटकॉइन नाही हं काकू, हे त्याचं धाकटं भावंड. आणि एकट्याच्या मशीनला सापडायला वर्षं जातात, म्हणून सगळे मिळून पूल करतात, पूल म्हणजे गट...’

गट का फिट, माझ्या कानात एवढंच ऱ्हायलं, ज्याला सापडतं त्याला मिळतं. म्हंजे बैलगाड्याची शर्यतच की! ज्याची बारी पुढं त्याचं बक्षीस! म्हणले, मला बी घाल. ‘कशात?’ चंद्राक्का ज्याच्यात हाय त्याच्यातच! दुसऱ्याच शर्यतीच्या घाटात पळून काय कामाचं? तिच्या डोळ्यादेखत जिकायचंय मला. ‘अहो पण काकू, त्यांचा पूल डिसेंट्रलाइज्ड आहे, त्यात ना...’ पण न्हाई न् बिन न्हाई! घाल म्हणले ना!

आता तुमी म्हणाल, शुभांगे, एवढं काय तिच्या मागं लागलीस? तर ऐका. अकरा वर्षं झाली. तवा खाचरं व्हती, भाताच्या आवणीला आमची सावड असायची, आज समद्या बायांनी माझ्या रानात राबायचं, उद्या तुझ्या रानात. मी चार दिवस चंद्राक्काच्या चिखलात वाकले, कंबरेचा काटा ढिला झाला. आन माझी पाळी आली तवा हिनं काय करावं? सोता आलीच न्हाई, आन बदली माणूस म्हणून कुणाला धाडलं? सासूला! अवो, आमची सासू एकच! माझीच सासू मलाच धाडली! ती म्हातारी दिवसभर बांधावर बसून तंबाखू मळत मला म्हणती, ‘शुभे, रोप वाकडं लावतीस.’ त्या दिवशी बांधावर उभी ऱ्हाऊन सांगितलं मी, ह्या बाईसंगं परत सावड न्हाई. तवापासनं बोलणं बंद. पण मी काय जळत न्हाई. नुसतं सांगते.

एका खोलीचं डिपॉझिट घातलं आन मशीन आणलं. एकच. तिची तीन, पण आमच्या बैलजोडीनं कवा संख्या बघितली का? नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, स्नेहल वरडाय लागली, ‘काकू, पंख्यात कुंकू नको!’ मशीन सुरू झालं. घरघर झाली, वारा आला... पण किती? पुढं बनियन धरला तर बनियन वाळतोय. साडी धरली तर नुसते काठ. चादरीचं नावच नको. आमचे हे एरवी तोंड उघडत न्हाईत, ते म्हणाले, ‘एवढ्या पैशात बनियन नवे किती आले असते?’ म्हणले, तुमी गप बसा, शर्यत चालूय.

दीड महिना झाला. रोज मशिनापुढं बसून म्हणायची, पळ बाबा, पळ, ती पल्याडची तीन घरघरत्यात, तू एकटा हायेस, पळ. आन एका दुपारी स्नेहल जिन्यावरनं धाडधाड खाली, ‘काकू! ब्लॉक सापडला, म्हणजे उत्तर! तुमच्याच मशीनला!’ अगं बया! मी अंगणात फुगडीच घातली, एकटीनं! एक किलो पेढं आणलं, आन पयला पुडा कुठं नेला? भिंतीपल्याड! अकरा वर्षांनी तिच्या दारात उभी ऱ्हायले, पुडा पुढं केला, म्हणले, घे आक्का, मला सापडलं. चार वेळा म्हणले. मला. सापडलं. बरं का. मला.

तिनं पेढा तोंडात टाकला. पुरता खाल्ला. मग पदराला हात पुसून मोबाइल काढला आन म्हणती कशी, गुळावाणी आवाज, ‘व्हय गं शुभे, आला की माझा वाटा. लई गुणाचं हाय हो तुझं मशीन.’

वाटा? कसला वाटा? स्नेहलला हाक मारली, गाव गोळा व्हईल अशी. ती आली, म्हणाली, ‘तेच सांगत होते ना काकू! ह्यात कुणालाही सापडलं तरी सगळ्यांना मिळतं. ज्याचं जेवढं काम तेवढा वाटा. आक्कांची तीन मशिनं, तुमचं एक.’ म्हंजे सापडलं मला, आन तिला माझ्या तिप्पट?

म्हणले, मालकाला फोन लाव. ‘मालक नाही काकू.’ मुकादमाला लाव. ‘तोही नाही. डिसेंट्रलाइज्ड म्हणजे तेच, मधे कुणीच नसतं.’ कुणीच न्हाई? ऑफिस न्हाई, खुर्ची न्हाई, खुर्चीवर माणूस न्हाई? मग मी भांडू कुणाशी? आजवर तलाठ्याशी भांडले, टँकरवाल्याशी भांडले, सोसायटीच्या चेअरमनला पळायला लावलं, आन हितं समोर माणूसच न्हाई! आन चंद्राक्का उंबऱ्यात उभी, दुसरा पेढा उचलती आन म्हणती, ‘सावडच हाय गं शुभे ही. आपल्या आवणीवाणी.’

सावड! जिच्यासंगं सावड करायची न्हाई म्हणून अकरा वर्षं तोंड फिरवून बसले, तिच्या सावडीत मी सोताच्या पायानं, सोताच्या डिपॉझिटानं, नारळ फोडून शिरले!

बंदच करणार व्हते. बटणावर हात ठिवला. तवर आमच्याच घरातली लाइट गेली, फ्यूज उडाला, मशीन गप. दोन मिन्टं न्हाई झाली तर भिंतीवरनं वायर खाली आली, मागनं चंद्राक्काचं तोंड, ‘शुभे, लाव हितं! बंद नको ठिवू, कधी सापडंल नेम न्हाई!’ म्हणले, आवणीला आली न्हाईस, आता वायर घिऊन आलीस? तर म्हणती, ‘तवा मला तिसरा महिना व्हता गं. कुणाला सांगितलं न्हवतं. पुढं ऱ्हायला न्हाई.’

आता बोला... अकरा वर्षं मी कशावर भांडत व्हते? मी वायर लावली.

पण तरी म्हातारीला धाडायचं काय कारण? ते न्हाई इसरले मी!

आता रोज सकाळी पयली कुठं जाते ठाव हाय? तिच्या गोठ्यापाशी. कान देते. तिन्ही मशिनं चालू हायेत ना? कारण तिला सापडलं तर मला बी थोडं येतंय. हात जोडते, देवा, चंद्राक्काचं चालू दे, भरभरून चालू दे... असलं मागणं मागायची पाळी आणली माझ्यावर त्या मशिनानं! फकस्त तिच्या साड्या तेवढ्या वल्या ऱ्हाऊ दे, म्हणावं वाटतं. पण मशीन चाललं की वारा सुटणार, आन वारा सुटला की तिचं वाळणार. दोन्ही बाजूनं मलाच गप बसाय लागतंय.

आतनं तीच इचारती, ‘काय गं शुभे, काय पुटपुटतीस?’

काय न्हाई आक्का, म्हणते... जरा सरक तिकडं, तुझ्या दोरीवर माझी चादर टाकू दे.

मी काय जळत न्हाई. नुसतं सांगते.