गिरणीची बोली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, वरच्या कार्यालयातून एवढ्या लांब मुद्दाम आलेल्या पर्यवेक्षक मॅडम, आपल्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आपल्या खेळताई, समोर बसलेल्या सगळ्या आया, आज्या, आत्या, मावश्या, त्यांच्या मांडीवरची चुळबुळणारी सभा, आणि मागे दाराशी हाताची घडी घालून उभी असलेली बापमंडळी! बापमंडळींनो, वर्गाला कधी आला नाहीत, निरोपाला तरी आलात. बरं वाटलं. आत या, खुर्च्या रिकाम्या आहेत. कोणी मांडीवर मूल देणार नाही, घाबरू नका.

माझ्यापुढे हा माईक ठेवलाय. ठेवणाऱ्याला मी कोण ते माहीत नसावं. मी गिरणीवाला. सबंध आयुष्य पिठाच्या गिरणीत ओरडून बोलण्यात गेलं. आमच्या घरात 'जरा पाणी दे' म्हटलं तरी शेजारच्यांना वाटतं, आज पेटलं वाटतं यांचं. तेव्हा माईक बंद केलात तरी माझी हरकत नाही, आणि चालू ठेवलात तर पुढच्या रांगेने कान सांभाळावेत.

पालक गटाचा प्रमुख म्हणून मला बोलायला सांगितलंय. प्रमुख मी कसा झालो? बाकी कोणी हात वर केला नाही म्हणून. आणि गटात पुरुष मी एकटाच होतो, त्यामुळे चहाची किटली उचलायचं कामही माझ्याकडेच होतं. असो.

खेळताई पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा आपण काय केलं, ते आठवतंय ना? हसलो. पोरं वाढवायचा वर्ग? माझी बायको तर चुलीपुढून उठून दारात आली आणि म्हणाली, "चार वाढवली मी! आता ही कालची पोर मला शिकवणार होय?" आज तीच बायको येणाऱ्याजाणाऱ्या सुनांना रस्त्यात अडवते. "अगं, बोल की त्याच्याशी. खांब आहे का तो?" ती तिथे तिसऱ्या रांगेत बसलीये. मान खाली घालू नका, मालकीणबाई, कौतुक चाललंय तुमचं.

मंगळवार आणि शुक्रवार. या सभागृहाच्या मागची ती जुनी कोठाराची खोली. एक चटई, डब्यांची झाकणं, शिवणकारखान्यातून आणलेली रिकामी रिळं, बस्स. मुलगा टेंपोवर असतो, सून सकाळच्या बसने शिवणकारखान्यात जाते, बायकोचे गुडघे खाली बसू देत नाहीत. मग नातीला घेऊन चटईवर कोण बसणार? मी बसलो. पहिल्या दिवशी सगळ्या आया अंग चोरून बसल्या होत्या, आणि मी त्यांच्याहून जास्त. खेळताईंनी माझ्या हातात झाकण दिलं आणि म्हणाल्या, "आबा, हे तोंडासमोर धरा आणि 'भॉक' करा." या वयात! केलं. काय करणार?

त्यांची शिकवण एवढीच होती. हात जे काम करतोय ते तोंडाने पोराला सांगायचं, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांत बघायचं. भाजी चिरताय, सांगा. कपडे वाळत घालताय, सांगा. सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. आपला न्हावी दुकानात पोराला शेजारी बसवून सुरू झाला, "आता मी साबण लावतोय, आता वस्तरा घेतला, आता गळ्यापाशी आलो..." खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून उठलं. हसा, पण त्याचं पोर आज कसं पोपटासारखं बोलतं ते बघा.

आणि आम्ही? आमचं तर विचारू नका. आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. कारण गिरणीला स्वतःची बोली असते. मोटर सुरू झाली की ओरडूनही भागत नाही, मग हात बोलतात. दोन बोटं चोळली की बारीक. मूठ झटकली की जाड. पंजा उताणा केला की वीज गेली, बसा. हात खांद्यावरून पुढे टाकला की उद्या या. माझ्या बापापासून हे असंच चालत आलंय. बायको, मुलगा, आता सूनसुद्धा, घरीही आम्ही निम्मं हातानेच बोलतो. बरं, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं ही आमची जुनी सवय. खेळताईंना मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "ताई, तुमचा धडा आमच्या घरात आधीपासूनच चालू आहे."

माझी नात त्या बोलीत वाढली. चालायलाही लागली नव्हती तेव्हा दोन बोटं चोळून मला सांगायची, आजोबा, हे बारीक. नवी खूण एकदा बघितली की तिची झाली. गिऱ्हाईक म्हणायचे, गिरणीवाल्याची नात हुशार आहे. तोंडाने बोलत नव्हती, पण आमच्या घरात तोंडाने बोलतं कोण? आणि कोणी शंका काढलीच, तर माझ्याकडे पुरावा होता. मोटर बंद केली की ती खेळ टाकून झटकन वर बघायची. प्रत्येक वेळी. मी म्हणायचो, बघा, ऐकते की नाही?

एका शुक्रवारी खेळताईंनी पोरांना चटईवर एका बाजूला तोंड करून बसवलं आणि मागे उभं राहून डब्यात खडे घालून वाजवले. सगळी पोरं वळली. एक दचकून रडायलाही लागलं. माझी नात रिळं एकावर एक रचत राहिली. मी हसत म्हणालो, "ताई, गिरणीतलं पोर आहे ते. तुमच्या डब्याला काय भीक घालतंय?" आयाही हसल्या. ताई हसल्या नाहीत, वादही घातला नाही. मला म्हणाल्या, "आबा, उद्या गिरणीत येऊ का?"

आल्या. बराच वेळ दळणाच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी मोटर बंद केली, नातीने वर बघितलं, मी ताईंकडे बघितलं, म्हणजे झालं ना समाधान? तेव्हा त्यांनी नातीला जमिनीवरून उचलून कडेवर घेतलं. बाहेर अंगणातल्या मातीत जाऊन, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आणि मान वळवून मला म्हणाल्या, "आता सुरू करा आणि बंद करा."

मी बंद केली. रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या. समोरचा सायकलवाला वळला. नात ताईंच्या केसांतली पिन ओढत होती.

तिला मोटर ऐकू येत नव्हती हो. गिरणीतली जमीन थरथरते, ती थांबली की तिला पायांना कळायचं. दुसऱ्या कुठल्याही घरात हे सहा महिन्यांत लक्षात आलं असतं. आमच्या घरात आलं नाही, कारण आमच्या घरात तिला काही कमी पडतच नव्हतं. आता सांगा, याला आमची हुशारी म्हणायची की काय म्हणायचं?

शहरातल्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि तेच सांगितलं. मुलगा म्हणाला, "मीपण उशिराच बोललो होतो, बोलेल ती." अजून म्हणतो. सुनेने बसमध्ये परतताना एकदाच मला विचारलं, "मामंजी, मी रोज तिला गाणं म्हणून झोपवते, ती माझ्या छातीला कान लावून ऐकते. मग ते काय होतं?" मी तो प्रश्न तसाच खेळताईंकडे नेला. दुसऱ्या दिवशी खेळताईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, "गाणं बंद करू नकोस. तिला ते अंगाला कळतंय." त्या दिवशी सून पहिल्यांदा रडली, आणि मला जरा बरं वाटलं.

मग यंत्रं आली. दोन्ही कानांत. मला वाटलं, आता झालं, बटण दाबलं की ऐकू येणार. तसं नसतं म्हणे. यंत्र नुसता आवाज देतं, आवाजाचा अर्थ माणसालाच शिकवावा लागतो, आणि तो शिकायचं वय लवकर निघून जातं. डॉक्टर म्हणाले, जे काय करायचं ते आत्ता, मागाहून फार जड जाईल. तेव्हापासून वर्ग सुटला की खेळताई तिला घेऊन बसायच्या. झाकण वाजवायचं, थांबायचं, तोंडाने सांगायचं, पुन्हा वाजवायचं. मी शेजारी बसून शिकायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज पडला ओरडायचा. ती यंत्र काढून फेकते. ताईंच्या आवाजाला फेकत नाही.

मध्यंतरी एक दिवस ती मला 'बा' म्हणाली. त्याला शब्द म्हणायचं की नाही ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी म्हणतो.

आणि आता वर्ग बंद. योजनेची मुदत संपली. खेळताईंची नेमणूक दुसरीकडे, जिथे नवा वर्ग सुरू होतोय. तिथेही कुणाची तरी नात असेलच की, मी नाही कसं म्हणू?

अध्यक्ष महोदय, आम्ही काही केलं नाही असं नाही. आया, आज्या, मी, सगळे कार्यालयात गेलो होतो. भांडायच्या तयारीने गेलो होतो. मी तर बसमध्ये घसा खाकरून ठेवला होता. तिथल्या कारकुनाने उठून खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पोरांना बिस्किटं दिली. म्हणाला, "मलाही वाईट वाटतं हो, पण वरून आलंय." मॅडमना भेटलो. मॅडम, तुमच्या तोंडावर सांगतो, तुम्ही आमचं सगळं ऐकून घेतलंत, तुमचेही डोळे भरले होते. तुम्हीही म्हणालात, वरून आलंय. आता त्या वरच्याला कुठे गाठायचं? एखाद्याने अरेरावी केली असती, हाकललं असतं, तर आम्ही दारात बसलो असतो. जो भेटतो तो चांगलाच. भांडायला माणूसच सापडत नाही हो! एवढा मोठा आवाज दिलाय देवाने, आणि तो लावायला जागा नाही.

पाहुणे मघाशी म्हणाले, ताईंनी लावलेलं रोप आता गावाने वाढवावं. छान बोललात साहेब, टाळ्या मीही वाजवल्या. पण खरं सांगू? बाकीची पोरं वाढतील. न्हाव्याचं वाढेल, सुताराच्या जुळ्या वाढतील, कारण त्यांच्या आयांना आता येतंय. माझ्या नातीला जे लागतं ते आमच्यापैकी कोणालाच येत नाही. शहरात अशा पोरांचा वर्ग आहे, तो रोज भरतो, बस जायला आणि यायला दिवस खाते, सुनेने काम सोडलं तर घर थांबतं, मी गिरणी बंद ठेवली तर तेच. सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय. कोणाला काही सुचलं तर कार्यक्रमानंतर भेटा. सुचत नसेल तर नुसते भेटा.

खेळताई, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलं होतं, आणि मी आपलंच दळण दळत बसलो. तुम्ही आमच्या अंगणात पोर कडेवर घेऊन उभ्या राहिलात तेव्हा मी तुमच्यावर चिडलो होतो. आज तुम्ही जाताय म्हणून चिडलोय. तुमच्यावर मी कधी धड खूश नव्हतोच, असं दिसतंय. राग मानू नका. तुमच्याइतकं माझ्या घरात कोणी मन लावून बघितलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, वेळ झाली तरी घंटी वाजवली नाही, त्यांचा आभारी आहे. सभागृह देणाऱ्यांचा, खुर्च्या मांडणाऱ्यांचा, चहा करणाऱ्या आयांचा आभारी आहे. आज किटली मी उचलली नाही, तेवढं सांभाळून घ्या. म्हाताऱ्याची जीभ घसरली असेल, कुणाला काही लागलं असेल, तर ते पोटात घाला.

फक्त जाण्याआधी ताईंना एक विचारायचंय. मंगळवारी सकाळी, सुनेच्या मांडीवर बसलेली ही नात चपला घालून दारात उभी राहणार, मला ओढणार. मी तिला काय सांगू? आमच्या बोलीत 'थांब' आहे, 'वीज गेली' आहे, 'उद्या या' आहे. 'आता येणार नाही' याला आमच्याकडे खूणच नाही. गिरणीत कधी लागली नाही, गिऱ्हाईक येतंच. 'उद्या' म्हणून मी एकदा भागवेन, दोनदा भागवेन. पण ते खोटं आहे, आणि तिच्याशी खोटं बोलायचं तर डोळ्यांत बघून बोलावं लागतं.

तेव्हा ताई, 'आता येणार नाही' हे हाताने कसं सांगायचं, तेवढं मला दाखवून जा. इथेच दाखवा, सगळ्यांसमोर दाखवा, मी लगेच शिकेन.

थांबा, जरा थांबा. सूनबाई, तिला आधी तिकडे वळव. ती इकडेच बघतेय.