साहेबांच्या पुढे

"मी हरवू नये म्हणून आई तुला म्हणायची, 'चिंतू, दुर्गीच्या मागून चाल, म्हणजे ती दिसत राहील.' आठवतं का दादा?"

ठाकूरद्वारच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या राजलक्ष्मीच्या कानी बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं अलगद येत होतं.

"आठवतं की."

"आणि साध्या शिपायाचा तू मंत्र्यांच्या अंगरक्षकांचा प्रमुख झालास. उद्या निवृत्त. इतकी भाषणं ऐकलीस, एखादं तरी पाठ असेल."

"एकही नाही गं. आमची नजर लोकांच्या हातांवर. वाऱ्यावर जोंधळा डोलावा तसे हजारो हात, त्यातला एकच वेगळा हलतो."

"आणि तो तुला दिसतो?"

"दिसावाच लागतो."

राजलक्ष्मीने नकळत आपले हात मांडीवर नीट ठेवले.

"छप्पन साली गिरगावच्या सभेत तू एकदम मंत्रीसाहेबांच्या पुढे येऊन उभा राहिलास. सगळी वाडी तुला सरकारचा कुत्रा म्हणाली."

"तू नाही म्हणालीस."

"कोणत्या तोंडाने म्हणू? संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत मीही तिथेच होते. चार वर्षं सांगायचं टाळलं, दादा. माझ्या पदराखाली धोंडा होता."

"माहीत होतं. म्हणून तर पुढे आलो. माझ्या अंगावर तू तो टाकणार नाहीस, एवढीच खात्री होती."