न उघडणारं पान आणि फाटकावरची पिशवी

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या कारखान्याचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि चहा केव्हा येतो याकडे डोळे लावून बसलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी तपासणी विभागातली. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. घरी दूध उतू गेलं तरी मी आधी सासूबाईंकडे बघते. तेव्हा काकांबद्दल नुसतं गोड बोलणं मला जमायचं नाही.

आपलं काम ज्या संगणक प्रणालीवर चालतं ती सुट्या भागांची आहे. हजेरीचा भाग वेगळा, साठ्याचा वेगळा. कुठलाही भाग चालू-बंद करायचा तो कन्सोल नावाच्या एका वेबपानावरून. ते सांभाळायचे काका. आणि निवृत्ती तोंडावर आलेली असताना नेमकं ते पान उघडेनासं झालं. आता सांगा, तुम्हाला कोणाचा संशय आला असता?

मुदतवाढ नाकारली म्हणून म्हाताऱ्याने जाता जाता कुलूप घातलं, असं कँटीनमध्ये उघड बोललं गेलं. काका गप्प राहिले, तर म्हणे चोराच्या मनात चांदणं. संचालकसाहेबांनी त्यांचा पासवर्ड काढून घेतला आणि संध्याकाळी फाटकावर त्यांची पिशवी उघडून बघायचा हुकूम काढला. रखवालदार बिचारा मान खाली घालून रिकामा डबा तपासायचा. काकू, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, हे तुम्हाला आजच कळतंय. मला फार वाईट वाटतं.

चौकशी माझ्याकडे आली. पासवर्ड बदलून पाहिला, ब्राउझर बदलला, मशीन बदललं. पान नाहीच. मग डोक्यात किडा वळवळला. पासवर्ड चुकला असता तर पानाने निदान तो मागितला तरी असता. इथे कुलूप दूरच, दारच जागेवर नव्हतं. काकांना विचारलं, तर म्हणाले, कन्सोल हाही एक सुटा भागच, त्याच पानावरच्या यादीत असतो. कोणी बंद केला की पान गेलं. माझ्या देखत त्यांनी सर्व्हरच्या खोलीत एका ओळीची आज्ञा देऊन तो चालू केला. पान आलं.

मग बंद कोणी केला? त्या पानात शिरता येणारी माणसं दोनच, त्यांतले एक काका. त्यांतले दुसरे पान जाण्याच्या आदल्याच दिवशी बैठकीत कौतुकाने सांगत होते की, काकांनी उगीच चालू ठेवलेले अनोळखी भाग मी स्वतः बंद करतोय. बसल्या फांदीवर कुऱ्हाड, दुसरं काय! अध्यक्षमहाराज, पाणी देऊ का?

काका मला एवढंच म्हणाले, "बाई, हे कोणाला सांगू नका. तो भाग बंद करताना यंत्राने 'नक्की ना?' असं विचारायला हवं होतं. ते आता घातलंय."

इतका चांगुलपणाही मला संशयास्पद वाटला. खूप खोदलं, मागे काही सापडलं नाही. सांगू नका म्हणाले होते, पण मी त्यांचं ऐकलेलं नाही.

कारण पिशवीचा हुकूम अजून मागे घेतलेला नाही. आज तिच्यात आपणच दिलेलं घड्याळ असेल. काकूंच्या देखत ती उघडायची का?

संयोजकांची मी आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आता माइक अध्यक्षांच्या हातात देते. हुकूम मागे घेतल्याचं ते सांगेपर्यंत मी इथेच उभी आहे.